नातवंडांना मोगली सांगायचा कसा: पुस्तक हातात देण्याआधीचं काम

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुम्ही नागपूरला, नातू नऊ वर्षांचा आणि नात पाच वर्षांची, दोघं टोरांटोला. मोगलीची गोष्ट तुम्हाला लहानपणापासून जीव की प्राण. नातवाच्या वाढदिवसाला ‘द जंगल बुक’ची इंग्रजी प्रत पाठवलीत. त्याने चार पानं वाचून बाजूला ठेवली आणि “सिनेमा पाहिलाय” म्हणाला. नातीला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवायला घेतलंत, तर वाघ येताच ती उठून गेली. आता नेटाने पुढे न्यायचं की नाद सोडायचा?

सोडू नका. फक्त एक लक्षात घ्या. मुलांना गोष्ट आवडली नाही असं अजून झालेलंच नाही, कारण गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. नातवाला मिळाली ती १८९४ सालची इंग्रजी भाषा आणि नातीला मिळाला एक वाघ. तुमच्या मनातला मोगली मात्र साठ वर्षांत घडलेला आहे. ती सगळी माया एकदम त्यांच्या ओंजळीत ओतता येत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी गोष्ट तोंडी सांगा, पुस्तक नंतर. आणि सुरुवात पान एकपासून करू नका.

नातवाने पुस्तक का ठेवलं ते बघू. पहिल्या दोन-तीन पानांतच लांडगा बाप, लांडगी आई, तबाकी कोल्हा, शेरखान, वाइनगंगा नदी आणि जंगलचा कायदा असं सगळं येऊन आदळतं. प्राणी एकमेकांशी ‘दाउ’ आणि ‘दी’ अशा जुन्या सर्वनामांनी बोलतात. टोरांटोत वाढणाऱ्या, सराईत इंग्रजी वाचणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलालाही हे जड जातं. त्याला आळशी म्हणू नका आणि त्याच्या आईवडिलांनाही म्हणू देऊ नका.

इथे मराठीत सांगणाऱ्याच्या हातात एक मोठी सोय आहे. इंग्रजीने टाकून दिलेला ‘तू’ आणि ‘तुम्ही’मधला फरक आपल्याकडे जिवंत आहे. गोष्टीत कोण कोणाला काय म्हणतो ते आधीच ठरवून घ्या. मोगली बलू अस्वलाला ‘तू’ म्हणतो, कारण लाडका गुरू आहे. कळपातले तरुण लांडगे म्होरक्या अकेलाला ‘तुम्ही’ म्हणतात आणि तो म्हातारा झाला की हळूच ‘तू’वर येतात. शेरखान सगळ्या जगाला ‘तू’ म्हणतो. तबाकी शेरखानला ‘हुजूर’ म्हणतो आणि पाठ फिरली की ‘तो लंगडा’. हे एवढं सांभाळलंत तर पात्रांचे स्वभाव वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. परदेशातल्या मुलांच्या कानाला आदरार्थी रूपांची सवयही अशीच लागते, व्याकरण न शिकवता.

सुरुवात कुठून करायची, हे मुलांच्या वयावर आणि भित्रेपणावर अवलंबून आहे. तुमच्या नातीचं ऐकून मी सुचवीन की मोगलीच्या आधी त्याच पुस्तकातली रिक्की-टिक्की-टावी या मुंगसाची गोष्ट घ्या. तिच्यात जंगल नाही. बंगला आहे, बाग आहे, न्हाणीघर आहे आणि घरातल्या मुलाचं रक्षण करणारा एक छोटा प्राणी आहे. पाच वर्षांच्या मुलाला ‘आपलं घर’ लगेच ओळखीचं वाटतं. सबंध वाचायला ती पाऊण तास तरी घेते, म्हणून तिचे तीन भाग करा. पहिल्या भागात पुरात वाहून आलेलं मुंगूस घरात येतं, बागेत नाग-नागिणीशी त्याची गाठ पडते आणि मुलाच्या वाटेतला धुळीच्या रंगाचा छोटा साप ते मारतं. दुसऱ्या भागात रात्रीचं न्हाणीघर आणि नाग. तिसऱ्यात नागिणीची पंचवीस अंडी आणि शेवटचा पाठलाग. प्रत्येक भागात एक संकट येतं आणि त्याच भागात संपतं. नात झोपायला जाताना काही अर्धवट राहत नाही.

या गोष्टीत एक पात्र आपल्याला थेट ओळखीचं आहे. इंग्रजीत त्याला ‘मस्करॅट’ म्हटलंय, पण नाव चुचुंद्रा. ही आपली चिचुंद्री. खोलीच्या मधोमध जायचं धाडस होत नाही, भिंतीच्या कडेकडेने पळते आणि सदा रडवेली असते. चिचुंद्री खरंच भिंतीच्या कडेने पळते. इंग्रजी शब्दाच्या मागे जाऊन अमेरिकेतला पाण्यातला मोठा उंदीर दाखवू नका. आणि नातू विचारेल की मुंगसाला साप चावला तर काही होत नाही का? मुंगूस एक मुळी खाऊन विष उतरवतं ही समजूत खरी नाही, जिंकतं ते नजरेच्या आणि पायांच्या चपळाईवर, असं लेखक रुडयार्ड किपलिंगनेच गोष्टीत लिहिलंय. मुंगसाच्या शरीरात नागाच्या विषाला काही प्रमाणात दाद न देणारी रचना असते, हे शास्त्राने नंतर दाखवलं. मात्र पुरेसं विष भिनलं तर मुंगूसही मरतं.

यानंतर मोगली. इथेही पुस्तकातल्या पहिल्या ओळीपासून नको. गुहेच्या तोंडाशी उभं असलेलं, नुकतं चालायला लागलेलं, उघडं आणि न घाबरता हसणारं बाळ, इथून सुरू करा. ते लांडग्यांच्या पिल्लांना ढकलून आईच्या कुशीत शिरतं. हे ऐकून मुलं हसतात, आणि हसलेलं मूल मग वाघापर्यंत टिकतं.

आता तो वाघ. शेरखान गुहेच्या तोंडात डोकं आणि खांदे खुपसतो, पण तोंड इतकं अरुंद की तो तिथेच अडकतो. पुस्तकात हे स्पष्ट आहे आणि वाचताना बहुतेक जण त्यावरून भरकन पुढे जातात. तुम्ही तिथे थांबा. अरुंद तोंडाचा तांब्या कॅमेऱ्यासमोर धरा, आपली मूठ त्यात घालून दाखवा. जात नाही. “वाघाचं डोकं नि खांदे आत, बाकी धड बाहेर. पुढे सरकता येईना.” नातीलाही घरातल्या बरणीत मूठ घालून बघायला सांगा. भीती शब्दांनी जात नाही, मापाने जाते. शिवाय गोष्ट सुरू करण्याआधीच सांगून टाका की मोगलीला काही होत नाही, तो मोठा होतो. यामुळे मजा कमी होईल ही भीती मोठ्यांची आहे. या वयाची मुलं शेवट माहीत असलेली गोष्ट दहा वेळा मागतात.

आवाजाबद्दल. दहा प्राण्यांचे दहा आवाज काढायला जाऊ नका. तिसऱ्या भागापर्यंत कोणाचा कोणता ते तुमच्याच लक्षात राहत नाही आणि मुलं बरोबर पकडतात. बलू सावकाश, वाक्याच्या शेवटी श्वास टाकत. बगीरा, म्हणजे काळा बिबळ्या, हळू आणि खालच्या पट्टीत. बाकी सगळे तुमच्या नेहमीच्या आवाजात. वाघ आला की आवाज चढवायचा नाही, उलट उतरवायचा. मोठा आवाज धाकटीला दचकवतो, हळू आवाजाने ती जवळ सरकते.

अजगराच्या नावाची एक अडचण मराठीतच येते. त्याचं नाव ‘का’. “का आला” म्हटलं की मुलांना तो प्रश्न वाटतो. त्याला सरळ ‘अजगरआजोबा’ म्हणा. पुस्तकातही तो फार जुना आहे, ‘द जंगल बुक’च्या दुसऱ्या भागात त्याने जवळजवळ दोनशेव्यांदा कात टाकल्याचा उल्लेख आहे. म्हणून हे नाव ओढूनताणून वाटत नाही. ‘मोगली’चा उच्चार किपलिंगच्या म्हणण्याप्रमाणे ‘माउगली’च्या जवळचा. पण आपल्या जिभेवर मोगली बसलाय, तो तसाच ठेवा. हा शब्द त्याने स्वतः रचलेला आहे आणि गोष्टीत त्याचा अर्थ बेडूक सांगितलाय. बलू म्हणजे भालू, हाथी म्हणजे हत्ती, अकेला म्हणजे एकटा, हे मात्र मुलांना सांगा. सिनेमात ऐकलेली नावं आपल्या घरच्या भाषांतली निघाली की त्यांना फार गंमत वाटते.

गोष्टीत पुन्हा पुन्हा येणारी एखादी ओळ मुलांच्या तोंडी बसवा. सभेच्या कड्यावर अकेला ओरडतो, “नीट बघा, लांडग्यांनो, नीट बघा!” ही एक. दुसरी म्हणजे बलूने शिकवलेला परवलीचा मंत्र: “तू नि मी एकाच रक्ताचे.” पुस्तकात मोगली हा प्रत्येक जमातीच्या बोलीत म्हणतो. पक्ष्यांसाठी शेवटी घारीची शीळ, सापांसाठी फुत्कार. नातीला साप द्या, नातवाला घार. पुढे माकडं मोगलीला उचलून नेतात तेव्हा तो वरून उडणाऱ्या घारीला हाच मंत्र ओरडून सांगतो आणि त्यामुळेच त्याचा पत्ता लागतो. मुलांनी तो आधी पाठ केलेला असेल तर त्या क्षणी ती स्वतःच ओरडतात.

माकडांच्या त्या गोष्टीत दोन जागा सांभाळायच्या. एक, बलू शिकवताना मोगलीला मारतो. तुमची नातवंडं जिथे वाढतात तिथे शिक्षकाने हात उगारणं हा गंभीर गुन्हा समजतात. ती चमकतील. “पूर्वी असंच असायचं” म्हणून बलूची बाजू घेऊ नका. खुद्द बगीराही त्याला त्यावरून बोलतो, तेच वाक्य पुढे करा आणि मुलांना काय वाटतं ते विचारा. दुसरी जागा शेवटची. मोगलीची सुटका झाल्यावर अजगर माकडांपुढे नाच करतो, ती भारल्यासारखी त्याच्याकडे चालत जातात. हा भाग विलक्षण आहे, पण पाच वर्षांच्या मुलीसाठी नाही. तिच्यासाठी सुटका झाली की गोष्ट संपवा. नाच नातवाला वेगळा सांगा.

“सिनेमा पाहिलाय” ही तक्रार खरं तर तुमच्या फायद्याची आहे. नातवाला म्हणा, “सिनेमात अजगर वाईट होता ना? पुस्तकात तो मोगलीला वाचवतो.” १९६७च्या कार्टूनपटातला माकडांचा राजा पुस्तकात नाहीच. पुस्तकातली माकडं तर राजा, कायदा, आठवण यांपैकी काहीच नसलेली जमात आहे. तीच त्यांची खोड. नऊ वर्षांच्या मुलाला चुका काढायला आवडतात. त्याला एका वहीत दोन रकाने करायला सांगा, एक सिनेमाचा आणि एक आजीच्या गोष्टीचा. रकाने भरायचे म्हणजे लक्ष देऊन ऐकावं लागतं. त्याच्या आईवडिलांनाही यात ओढा. त्यांचं बालपण नव्वदच्या दशकातलं असेल तर दूरदर्शनवरची जपानी बनावटीची मोगली मालिका आणि गुलजारांनी लिहिलेलं तिचं गाणं त्यांना नक्की आठवत असेल. घरात तिसरा मोगली निघाला की रकानाही तिसरा.

शेरखानच्या शेवटाला वाचणारे बहुतेक वेळा अडखळतात, कारण तिथला भूगोल डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून तो मांडून दाखवा. दोन गोधड्यांच्या जाड घड्या शेजारी शेजारी ठेवा, मध्ये वीतभर फट. ही घळ. वाघ म्हणून आत एक लिंबू. राजमा म्हणजे रेडे, पावटे म्हणजे म्हशी आणि रेडकं. मोगली कळपाचे दोन भाग करतो. रेडे वळसा घालून घळीच्या वरच्या तोंडाशी नेतो, म्हशी खालचं तोंड अडवतात. मग वरून रेडे सोडतो. शेरखान पोटभर खाऊन-पिऊन सुस्तावलेला आहे, घळीच्या भिंती उभ्या आहेत आणि त्यांवरच्या वेलींवर त्याला पाय रोवता येत नाही. इथे नातवाला विचारा की रेडे खालून आणि म्हशी वर असत्या तर काय झालं असतं? तो उत्तर शोधेल तेव्हा त्याला उमगेल की मोगली ताकदीने नाही, डोक्याने जिंकला. कॅमेरा या मांडणीवर वरून रोखायचा असेल तर फोन दोन जाड पुस्तकांच्या मध्ये, टेबलाच्या कडेबाहेर काढून ठेवा.

धाकटीसाठी “शेरखान म्हशींच्या पायांखाली सापडला आणि मेला” एवढं पुरे. कातडं सोलण्याचं वर्णन गाळा. पण वाघाला पश्चात्ताप झाला, तो दूर निघून गेला, असा गोड बदल करू नका. वाघ परत येईल का, हा प्रश्न मग मुलाच्या मनात उघडा राहतो आणि तो अंधारात जास्त त्रास देतो.

व्हिडिओ कॉलचं तंत्र थोडं वेगळं आहे. तुमच्या नातवंडांची रविवारची सकाळी नऊची वेळ म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात तुमचे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. झोपायच्या वेळेपेक्षा ही वेळ वाघासाठी कितीतरी बरी. धाकटी असेपर्यंत बारा ते पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. मग ती खेळायला जाईल आणि नातवाला आणखी दहा मिनिटं द्या. त्याला हा वेगळा वेळ मिळाला नाही तर गोष्ट ‘लहान मुलांची’ होऊन बसते. दोघांना कायम एकत्र बसवण्याचा आग्रह हेच अनेक घरी गोष्ट बंद पडण्याचं कारण असतं. पुस्तक तोंडासमोर धरू नका. दिवा तुमच्या समोर हवा, पाठीमागे नको. ओळी “एकत्र म्हणू या” असं सांगू नका, आवाज पोचायला जो क्षणभर उशीर होतो त्याने सगळा गोंधळ होतो. तुम्ही म्हणा, थांबा, मग त्यांना म्हणू द्या. आणि झूम वापरत असाल तर सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ सुरू करा. नाहीतर ते ॲप फुत्कार, कुजबुज आणि शीळ यांना गोंगाट समजून गाळून टाकतं आणि तुम्ही मेहनतीने काढलेला साप तिकडे पोचतच नाही.

मराठी त्यांना समजते पण बोलता कमी येते, असं तुम्ही लिहिलंय. प्रत्येक वाक्यानंतर इंग्रजी सांगू नका. मूल मराठी ऐकणं सोडून इंग्रजीची वाट बघतं. त्यापेक्षा त्या दिवसाचे सात-आठ शब्द आधी चित्राने किंवा वस्तूने दाखवून ठेवा: गुहा, कळप, घळ, निखारे, कात. मोगली गावातून मडक्यात निखारे आणतो, तो प्रसंग सांगण्याआधी कुंडीभर मातीत थोडा कोळसा दाखवलात तर प्राणी आगीला ‘लाल फूल’ का म्हणतात हे सांगावं लागत नाही.

“लांडगे खरंच बाळ वाढवतात का?” हा प्रश्न येणारच. खरं सांगा. तशा हकिकती पुष्कळ आहेत, शास्त्रज्ञांची खात्री पटेल असं उदाहरण नाही. पण पुस्तकातली वाइनगंगा नदी खरी आहे, ती आपली वैनगंगा. वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते, मग आपल्या गोंदिया-भंडाऱ्यातून खाली येते आणि वर्धेला मिळून प्राणहिता होते. लिहिणारा मुंबईत १८६५ साली जन्मला आणि हे पुस्तक त्याने अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून लिहिलं. तुमच्या नातवाला थंडी माहीत आहे, त्याला हे सांगाच. मुलं सुट्टीत आली की नागपूरहून पेंच जवळ आहे. पावसाळ्यात गाभ्यातली सफारी बंद असते, म्हणून जुलै ते सप्टेंबर टाळा. वाघ दिसेलच असं कबूल करू नका. सागाची पानं, सांबराचा धोक्याचा आवाज, वाळूतले ठसे, एवढं बघायला न्या.

‘द जंगल बुक’ आणि १८९५चा दुसरा भाग मिळून मोगलीच्या आठ गोष्टी आहेत. सगळ्या सांगायच्या नसतात. दुष्काळात सगळे प्राणी वैर विसरून एकाच पाण्यावर येतात ती गोष्ट दोघांनाही चालेल आणि नागपूरचा उन्हाळा अनुभवलेल्या माणसाच्या तोंडून ती फार चांगली उतरते. पहिल्याच पुस्तकातली पांढऱ्या सीलची गोष्ट धाकटीपासून लांब ठेवा, तिच्यात सीलची कत्तल आहे. गाव उद्ध्वस्त होतं ती गोष्ट दहा-अकरा वर्षांआधी नको. तिच्यात सूड आहे आणि गावकरी सरसकट अंधश्रद्ध, दुष्ट रंगवलेत. किपलिंग साम्राज्याचा अभिमानी होता, तो चष्मा तिथे दिसतो. नातू मोठा झाला की हेही त्याच्याशी मोकळेपणाने बोला. त्याने गोष्ट लहान होत नाही.

पुस्तक शेल्फवरच राहू द्या. मोगलीच्या दोन-तीन गोष्टी तोंडी झाल्या की एका रविवारी फक्त दुसऱ्या भागातली लांडग्यांच्या कायद्याची इंग्रजी कविता नातवाला वाचायला सांगा, तुम्ही ऐका. तिची लय त्याला तुमच्यापेक्षा चांगली जमेल, आणि तिथून त्या भाषेत त्याचा पाय शिरतो. अकरा-बारा वर्षांचा झाला की त्याला त्याच भागातली ‘रेड डॉग’ द्या. दख्खनच्या कोळसुनांची, म्हणजे रानकुत्र्यांची टोळी लांडग्यांवर चालून येते ती गोष्ट. ती त्याला एकट्याने वाचू द्या, आधी काही सांगू नका. फक्त तो वाचतोय हे कळलं की त्या आठवड्यात फोन जवळ ठेवा. तिच्यात अकेला मरतो.